जुन्या बंधाऱ्यावर वीज होईल का? भिंत नका बघू, एप्रिलचं पाणी बघा

बाकीच्यांनाही कळावं म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो. गोव्यात सत्तरी तालुक्यात तुमच्या गावच्या नदीवर एक जुना दगडी बंधारा आहे, अडीच-पावणेतीन मीटर उंच, मधे खांब आणि खांबांना फळ्या घालायच्या खाचा. सुट्टीत कोल्हापूरकडे गेलात तेव्हा राधानगरी धरण बघितलंत, तिथे कुणीतरी सांगितलं की हे शाहू महाराजांच्या काळचं आणि ह्यावर वीज होते. आता तुमचं म्हणणं असं की त्यांना शंभर वर्षांपूर्वी जमलं तर आम्हाला आज चार घरं आणि कुळागराचा (सुपारी-नारळाच्या बागेचा) पंप चालेल एवढी वीज का जमू नये, मशीन कुठलं घ्यायचं आणि खर्च किती येईल.

माझी ओळख एवढीच की तीसेक वर्षं छोट्या जलविद्युत केंद्रांवर काढली, आधी जुन्या मशीनांची दुरुस्ती, मग नवीन साइट बघत फिरणं, आणि हे जवळपास सगळं घाटापलीकडे. आता निवृत्त होऊन फोंड्याला असतो. असा प्रश्न वर्षातून चार-पाच वेळा तरी येतोच, आणि बहुतेक वेळा पावसाळ्यात येतो, कारण तेव्हा नदी बघून कुणाच्याही डोक्यात वीजच चमकते.

वीज होईल का, तर होईल. पाणी वरून खाली पडतंय म्हटल्यावर वीज होणारच, त्यात काही गुपित नाही. तुम्हाला विचारायचंय ते मात्र वेगळं आहे, की वर्षातले किती महिने होईल, आणि कुळागराला पाणी लागतं त्या महिन्यांत होईल का. ह्याचं उत्तर बंधाऱ्याच्या भिंतीवर लिहिलेलं नसतं, ते नदीत असतं आणि तेसुद्धा उन्हाळ्यातल्या नदीत.

आधी राधानगरीचं थोडं दुरुस्त करतो. शाहू महाराजांनी भोगावतीवर हे काम १९०९ मध्ये काढलं हे खरं, पण पैशाअभावी मधेच थांबलं, वर्षानुवर्षं तसंच पडलं, नंतर परत हाती घेतलं आणि पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर, १९५४ मध्ये. वीजघर ४.८ मेगावॅटचं, म्हणजे आजच्या हिशेबात 'छोटं जलविद्युत'च, कारण आपल्याकडे २५ मेगावॅटपर्यंत छोटंच धरतात. पण त्याच्या पाठीमागे साठा आहे आठ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर आणि भिंत ४२ मीटरच्या आसपास. तुमची अडीच मीटर. इथंच अर्धा निकाल लागतो, तरी थांबा, अजून एक गंमत आहे.

आपलं साळावली धरण घ्या. सांग्यातलं, ते गोल बदकचोचीचा सांडवा (जादा पाणी बाहेर पडायची वाट) असलेलं, जिथे पावसात सगळा गोवा सेल्फी काढायला जातो. त्याची उंचीही ४२ मीटरच्याच आसपास आणि साठा साधारण २३४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे आठ टीएमसीच्या वरच. कागदावर ठेवलं तर राधानगरी आणि साळावली जुळ्या बहिणी शोभतील. पण राधानगरी म्हटलं की वीजघर आठवतं आणि साळावली म्हटलं की सासष्टी-मुरगावचे नळ आठवतात. का? राधानगरीचं पाणी शेतीसाठी खाली नदीत सोडायचंच असतं, पुढे पंचगंगेच्या खोऱ्यात जागोजागी बंधारे त्या पाण्याची वाट बघत असतात ('कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा' हे नाव तिथूनच आलं), तर तसंही खाली जाणारं पाणी जाता जाता टर्बाइनमधून (पाण्याने फिरून जनरेटर फिरवणाऱ्या चाकातून) काढलं, वीज मिळाली आणि पाणीही कुठे कमी झालं नाही. साळावलीचं पाणी मुख्यतः शुद्धीकरणाला आणि कालव्याला जातं, त्याचा मालक आधीच ठरलेला. धरण वीज देतं की नाही हे उंचीवर जेवढं ठरतं तेवढंच ते पाणी कुणासाठी आणि केव्हा सोडायचं ह्यावर ठरतं. तुमच्या बंधाऱ्यालाही हाच नियम लावून बघा.

तुमच्या बंधाऱ्याला फळ्यांच्या खाचा आहेत म्हणजे तो पावसाळ्यासाठी बांधलेलाच नाही. पाऊस ओसरला की फळ्या घालायच्या, वायंगणाला (पावसाळ्यानंतरच्या भातशेतीला) आणि कुळागरांना पाणी उचलायचं, आणि मे संपायच्या आत फळ्या काढून ठेवायच्या, नाहीतर पहिल्या पुरात फळ्या जातील किंवा काठ फुटेल. म्हणजे ज्या चार महिन्यांत नदीला पाणी आहे तेव्हा तुमच्याकडे उंचीच नाही कारण फळ्या काढलेल्या, आणि जेव्हा उंची आहे तेव्हा अडवलेलं पाणी शेतीचं. तुम्ही ते वीजेला सोडलंत तर वरच्या बाजूला पंप टाकून बसलेला तुमचाच शेजारी उद्या दारात येईल, आणि त्याचं चूक नसेल.

बरं समजा फळ्या काढल्याच नाहीत, खाचा काँक्रीटने बुजवून पक्की भिंतच केली, असं बरेच जण सुचवतात. तर ह्यात आणखी एक मेख आहे जी धबधबे बघून लक्षात येत नाही. कमी उंचीच्या बंधाऱ्यावर पूर आला की वरचं पाणी मीटरभर चढतं पण खालचं दोन-अडीच मीटर चढतं, कारण खाली नदीचं पात्र भरून वाहत असतं. टर्बाइनला भिंतीची उंची कळत नाही, तिला वरच्या आणि खालच्या पाण्यातला फरकच कळतो, आम्ही त्याला हेड म्हणतो. जुलैत जाऊन बघा, तुमचा बंधारा पाण्याखाली जवळजवळ दिसेनासा होत असेल, नुसती एक लाटेसारखी वळी दिसत असेल. म्हणजे पाणी सगळ्यात जास्त तेव्हा हेड सगळ्यात कमी. खाजनाच्या (खाडीकाठच्या शेतजमिनीच्या) बांधावरची मानस, म्हणजे पाण्याचं दार, बघितली असेल तर हे लगेच कळेल, भरतीला बाहेरचं पाणी चढलं की दार मिटतं, ओहोटीला फरक पडला की उघडतं, दोन्हीकडे सारखं पाणी असेल तर काहीच हलत नाही. तेच इथे.

आता आकडे. सूत्र सोपं आहे, पाणी (सेकंदाला किती घनमीटर) गुणिले हेड (मीटर) गुणिले ९.८१ केलं की किलोवॅट येतात, पण त्यातून पाईप, टर्बाइन, जनरेटर सगळे आपापला वाटा खातात, म्हणून छोट्या साइटला मी सरळ ६ ने गुणतो. मोठ्या चांगल्या केंद्राला ८ धरता येतात, तुम्ही धरू नका, विक्रेता धरेल, त्याला धरू द्या.

पाणी मोजायला मीटर लागत नाही. नदीचा सरळ, एकसारखा वाहणारा दहा मीटरचा तुकडा शोधा, दोन्ही टोकांना आडव्या दोऱ्या बांधा. एक सोललेला जुना नारळ घ्या, हलवल्यावर आतलं पाणी वाजतं असा, तो पाण्यात जवळजवळ बुडून तरंगतो त्यामुळे वाऱ्याने भरकटत नाही (थर्माकोल, प्लास्टिकची बाटली वगैरे घेऊ नका, ते वाऱ्याचा वेग सांगतात). वरच्या दोरीच्या थोडं आधी सोडा, खालच्या दोरीपर्यंत किती सेकंद लागले ते मोबाईलवर बघा, सहा-सात वेळा करा आणि सरासरी घ्या. मग काठीने दर अर्ध्या मीटरवर खोली मोजा. समजा रुंदी ६ मीटर, सरासरी खोली ०.३ मीटर, म्हणजे १.८ चौरस मीटर. नारळाला २५ सेकंद लागले तर वेग ०.४, पण तळाशी दगडगोट्यांत पाणी हळू असतं म्हणून ०.७ ने गुणायचं, ०.२८. एकूण पाणी सेकंदाला साधारण अर्धा घनमीटर. हेड अडीच मीटर असेल तर ६ × ०.५ × २.५, साडेसात किलोवॅट. ऐकायला छान वाटतं, चोवीस तास चाललं तर दिवसाला १८० युनिट, तुमची चार घरं आणि पंप आरामात.

पण हा आकडा डिसेंबरचा असेल. हाच नारळ एप्रिलच्या शेवटी सोडा, म्हणजे सोडायला पाणी असेल तर. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला नव्वद टक्के जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. एप्रिलमध्ये तुमच्या नदीत सेकंदाला ४० लिटर उरलं तर वीज होईल ०.६ किलोवॅट, चार-पाच पंखे आणि थोडे दिवे. आणि कुळागराला पाणी सगळ्यात जास्त केव्हा लागतं? नेमकं तेव्हाच.

ही चूक मी स्वतः केलेली आहे म्हणून एवढं घसा फोडून सांगतोय. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात घाटमाथ्यावरची एक साइट बघायला गेलो होतो, नाव नको. ऑगस्टचा शेवट, ओढा फुगलेला, मी उत्साहात मोजमाप केलं आणि थोडं कमी करून धरलं, वाटलं झालं आपलं शहाणपण. मालकाला मोठं एकच फ्रान्सिस मशीन (फ्रान्सिस ही टर्बाइनची एक जात) घ्यायला लावलं. फ्रान्सिसचं असं आहे की तिच्या पूर्ण पाण्याच्या चाळीस टक्क्यांखाली गेलात की ती खडखडायला लागते, कार्यक्षमता कोसळते, ब्लेड खराब होतात, म्हणजे चालवण्यात अर्थ नसतो. डिसेंबरमध्येच ती धापा टाकायला लागली, जानेवारीत बंद. मार्चमध्ये मालकाचा फोन आला, शांतपणे म्हणाला, साहेब, मशीन बघायला कधी येताय, चिमण्यांनी संसार थाटलाय. त्या जागी दोन लहान मशीनं किंवा क्रॉसफ्लो जातीचं एक मशीन घेतलं असतं तर निदान फेब्रुवारी-मार्च निघाला असता, क्रॉसफ्लो पाणी पाचव्या हिश्श्यावर आलं तरी कुरकुर न करता फिरतं. त्यानंतर मी एकाही साइटचा आकडा एप्रिल बघितल्याशिवाय दिला नाही, समोरचा कितीही घाईत असला तरी.

तुम्ही लिहिलंय की 'जुन्या लोकांनी काही न मोजता बांधलं आणि चाललं'. हे मला अजिबात पटत नाही. जुनी केंद्रं बघा. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला १० नोव्हेंबर १८९७ ला आपल्या देशातलं पहिलं जलविद्युत केंद्र सुरू झालं, ६५ किलोवॅटची दोन मशीनं, फक्त १३० किलोवॅट, पण शेजारी दिवे लावायला गाव तयार होतं. गोकाकच्या धबधब्यावर घटप्रभेचं पाणी वळवलं कारण काठावर कापडगिरणी होती. कावेरीवर शिवनसमुद्रला १९०२ मध्ये वीज झाली ती दीडेकशे किलोमीटर लांब कोलारच्या सोन्याच्या खाणींना न्यायला, खाण दिवसरात्र वीज खायची. म्हणजे प्रत्येक ठिकाणी आधी गिऱ्हाईक होतं, चोवीस तासांचं, मग केंद्र आलं. गावातलं गिऱ्हाईक संध्याकाळी सात ते दहा जागं असतं आणि उरलेला वेळ तुमची वीज कुणाला द्यायची हा प्रश्न पडतो. तो हिशेब जुन्यांनी मांडलेला होता, आपण विसरतो.

आणि गोव्याचं एक भौगोलिक दुर्दैव म्हणा. खोपोलीला टाटांनी १९१५ मध्ये वीज केली ती लोणावळ्याच्या बाजूला घाटमाथ्यावर तलाव बांधून, पावसाचं पाणी वर साठवायचं आणि पाचशे मीटरच्या वर खाली सोडायचं, वर्षभर. सह्याद्रीतलं जलविद्युतचं सगळं गणित हेच, माथ्यावर साठवा, पायथ्याला वीज करा. आपल्याकडे फक्त पायथा आलाय. माथा बहुतेक ठिकाणी कर्नाटकात नाहीतर महाराष्ट्रात. तिळारीचं ६० मेगावॅटचं वीजघर बघा, पाणी चंदगडच्या बाजूचं, वीजघर खाली दोडामार्गात, दोन्ही महाराष्ट्रात, आपल्या वाट्याला तिळारीचं येतं ते पेडणे-डिचोली-बार्देशला कालव्याचं पाणी. म्हादई नदीचंही तसंच, २०१८ च्या लवादाच्या निवाड्यात कर्नाटकाला जे १३.४२ टीएमसी दिलंय त्यातलं ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी आहे. कुणाला दूधसागर आठवेल, तीनशे मीटरच्या वर पडतो, पण तो अभयारण्यात आहे आणि मे महिन्यात जाऊन बघा, दुधाची नुसती धार उरलेली असते. असो, राजकारणात नको शिरायला.

मग काहीच करायचं नाही का? करायचं, पण बंधारा सोडून द्या आणि पाठीमागे वळून डोंगराकडे बघा. तुम्ही ओझरतं लिहिलंय की कुळागराच्या वरच्या अंगाला एक व्हाळ (ओढा) आहे आणि तो 'शिमग्यापर्यंत तरी आटत नाही'. माझ्या मते तुमच्या सगळ्या पोस्टमधलं सोनं ह्या एका वाक्यात आहे. अडीच मीटरच्या बंधाऱ्यावर अर्धा घनमीटर पाणी लागतं तेवढीच वीज तीस मीटर उंचीवरून चाळीस लिटर पाण्यात होते. करून बघा, ६ × ०.०४ × ३०, सात किलोवॅटच्या पुढे. वीस लिटर असलं तरी साडेतीन किलोवॅट. आणि ह्याला नदी अडवावी लागत नाही, वर एक छोटी गाळ बसायची टाकी, खाली पाईप, शेवटी पत्र्याच्या खोलीत मशीन. घाटापलीकडे सिरसी, चिकमगळूरच्या बाजूला सुपारीवाल्यांनी घरोघरी अशी मशीनं लावलेली आहेत, एकदा जाऊन बघून या, चोर्ला घाटाने वर चढलात की पुढचा एक दिवसाचा प्रवास आहे, राधानगरीपेक्षा तुम्हाला तिथे जास्त शिकायला मिळेल.

पाईपमध्ये कंजुषी करू नका, इथेच सगळे फसतात. वीस लिटर पाणी चार इंची पाईपातून नेलंत तर दर शंभर मीटरला जवळजवळ सहा मीटर हेड नुसतं घर्षणात जातं. दोनशे मीटर पाईप असेल तर तीसातले बारा गेले, बिनकामाचे. सहा इंची घेतलात तर शंभर मीटरला मीटरभरसुद्धा जात नाही. खर्च विचारलात तर साइट न बघता मी आकडा देणार नाही, पण एवढं सांगतो की मशीनपेक्षा पाईप आणि बांधकाम जास्त खातं, लोक मात्र सगळा जीव मशीनच्या किमतीवर काढतात. शेवटचा व्हॉल्व्ह चाकाने हळूहळू बंद होणारा घ्या, झटक्यात बंद होणारा लावलात तर पाण्याचा दणका बसून पाईप कुठेतरी फाटेल, आणि तो बरोबर झुडपातच फाटतो.

एवढ्या उंचीला आणि एवढ्या पाण्याला छोटं क्रॉसफ्लो किंवा पेल्टन (हीपण टर्बाइनची एक जात), किंवा साधा पंप उलटा चालवून टर्बाइन म्हणून वापरतात तो, ह्यातलं काहीही चालेल. उलटा पंप स्वस्त आणि दुरुस्ती कुठल्याही वाइंडिंगवाल्याकडे होते, पण त्याला पाणी कायम सारखंच लागतं, व्हाळाचं पाणी उतरत जात असेल तर तो रुसतो. सोबत लोड कंट्रोलर हवाच, घरातले दिवे बंद केले की मशीन सुसाट पळू नये म्हणून तो उरलेली वीज हीटरमध्ये जाळतो. तो हीटर पाण्याच्या पिंपात टाका, अंघोळीचं पाणी फुकटात तापेल, सत्तरीत डिसेंबरच्या थंडीत ते काही कमी नाही.

कचऱ्याबद्दल एक प्रसंग सांगतो कारण हे पुस्तकात वाचून कळत नाही. एका जुन्या वीजघरात माझी रात्रपाळी होती, चवथीच्या आधीचा आठवडा, बाहेर मुसळधार. आमचे एक वयस्कर ऑपरेटर मामा स्टुलावर बसून डुलक्या काढत होते. मीटरची सुई मला तरी जागच्या जागी दिसत होती. मामा एकदम डोळे उघडून म्हणाले, घशात अडकलंय तिच्या, चल. कंदील आणि लांब दांड्याचं दाताळं घेऊन वर इनटेकला (पाणी पाईपात शिरतं तिथे) गेलो तर जाळीवर पानं, झावळ्या, कुणाची तरी चप्पल आणि एक मेलेली धामण असा गादीएवढा थर बसलेला, जाळीच्या आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा हातभर खाली. दोघांनी तासभर ओढून काढलं. खाली आलो तेव्हा मशीनचा आवाज खरंच बदललेला होता, आधी मला तो फरक ऐकूच आला नव्हता. आता ह्यात तुमच्यासाठी मुद्दा असा की तिथे हेड चाळीसेक मीटर होतं, त्यातले तीस सेंटिमीटर जाळीने खाल्ले तर कुणाला पत्ताही लागत नाही, पाणी फारच अडलं तर कळतं. तुमच्या अडीच मीटरच्या बंधाऱ्यावर तेच तीस सेंटिमीटर म्हणजे बारा टक्के. रात्री दोन वाजता पावसात दाताळं घेऊन कोण जाणार हे आधी घरात बसून ठरवा, कारण मशीन विकणारा येणार नाही.

तरीही बंधाऱ्याचाच मोह सुटत नसेल तर निदान त्या भिंतीला हात लावू नका. जुनं दगडी काम चुन्यातलं असेल तर त्याला भोक पाडून पाईप घालणं म्हणजे दातातलं भरलेलं सिमेंट कोरण्यासारखं, सुरुवात तुमच्या हातात असते, शेवट नसतो. पाणी आधी ओलावतं, मग झिरपतं, मग चुना धुवून नेतं आणि एखाद्या जुलैत खांबच कलंडतो. घ्यायचंच तर पाणी बाजूने पाट काढून घ्या किंवा भिंतीवरून सायफनने घ्या. आणि बंधारा कितीही 'आमचा' वाटला तरी विचारा कुणाचा आहे ते, जलस्रोत खात्याचा असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय खाचेतली एक फळीही हलवता येणार नाही. व्हाळासाठीही जागा म्हादई अभयारण्याच्या हद्दीत किंवा वनखात्याच्या जमिनीत येते का ते सर्व्हे नंबर घेऊन आधी तपासा, तुमच्या भागात हाच कळीचा मुद्दा ठरतो. वीज खात्याच्या तारांना जोडायच्या भानगडीत निदान पहिली दोन वर्षं पडू नका, घरातलं वायरिंग वेगळं ठेवा, मधे चेंजओव्हर स्विच, दोन्ही वीजा कधीही एकत्र येता कामा नयेत, खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव त्यावर असतो.

व्हाळाचं सगळं पाणीही पाईपात घालू नका. मशीनमधून गेलेलं पाणी संपत नाही हे खरं, पण वरची टाकी ते खालचं मशीन ह्या मधल्या तुकड्यात व्हाळ कोरडा पडतो, आणि तिथे कुणाची तरी कपडे धुवायची जागा असते, एखादा कोंड (डोह) असतो, पहिल्या पावसात चढणीचे मासे तिथूनच वर जातात. निदान पाव हिस्सा तरी सोडा, आणि तो एप्रिलमध्येही सोडा, तेव्हाच तो खरा लागतो.

एप्रिल-मे ला काय करायचं, तर छपरावर सोलर. हे मी जलविद्युतवाला असून सांगतोय म्हणजे विचार करा. तीन किलोवॅटचं सोलर चांगल्या उन्हात दिवसाला बाराएक युनिट देतं, केंद्राच्या योजनेत घरगुती तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदानही आहे. ऑक्टोबर ते मे सोलर जोरात, जून ते सप्टेंबर ढगांत ते झोपतं आणि नेमका तेव्हा व्हाळ जागा असतो. दोन्ही एकमेकांच्या सुट्ट्या भरून काढतात. नुसत्या पाण्यावर वर्ष काढायचं म्हटलं तर साठा हवा आणि साठा म्हणजे परत धरण, तिथून मग आपण परत राधानगरीला पोचतो.

तर आत्ता लगेच मशीनवाल्यांना फोन लावू नका. एक वही करा. दर महिन्याच्या एक आणि पंधरा तारखेला व्हाळाचं पाणी मोजा, पाणी कमी झालं की नारळ सोडून द्या आणि सरळ बादली घ्या, वीस लिटरची बादली किती सेकंदात भरते ते लिहा. उंची मोजायला पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल काढतात तसं टप्प्याटप्प्याने खालून वर जा, मोबाईलच्या ॲपवर विश्वास ठेवू नका, ते डोंगरात दहा-पंधरा मीटर सहज चुकतं. घरात कुठल्या तासाला काय चालतं ते आठवडाभर लिहून काढा, पंप किती एचपीचा आणि किती वाजता लावता तेही. बंधाऱ्याचे आकडेही लिहून ठेवा, फळ्या केव्हा घातल्या, केव्हा काढल्या, पुरात खालचं पाणी किती चढलं, त्यासाठी खांबावर ऑइल पेंटने पट्टीसारख्या खुणा करून ठेवा.

मे संपला की वहीच्या पानांचे फोटो इथे टाका, त्यातही एप्रिलचं पान पहिलं टाका. त्यावरून मशीन केवढं आणि पाईप किती इंची हे मी तुम्हाला दहा मिनिटांत सांगेन, आणि व्हाळ शिमग्याच्या आधीच आटत असेल तर तेही सांगेन.